चिंचेने घासलेला ताम्रपट

सोमवार, दिनांक १४ एप्रिल १९८६, सकाळी दहा. स्थळ : अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरपासून मोटारीने तासाभरावर असलेले एका विद्यापीठाचे संग्रहालय, तळघरातली खोली. वस्तू : ताम्रपट एक. विम्याची रक्कम : पन्नास हजार डॉलर. हजर : संग्रहालयाच्या नोंदणी अधिकारी मिसेस हॉलंड, संस्कृतचे प्राध्यापक डॉ. वेल्स, पेटी उघडणारे दोन कामगार, माझे जावई श्रीकांतराव आणि मी.

अमेरिकेला जाऊन आलेला माणूस सहसा उंच इमारतींपासून सुरुवात करतो. मी त्या पाहिल्या, पण परतीच्या दिवशी, विमानतळावर जाता जाता. माझा बाकीचा सगळा प्रवास या तळघरातल्या खोलीत अडकला होता.

आमचे गाव ठाणे जिल्ह्यात खाडीच्या तोंडाशी आहे. आता तिथे फक्त मचवे लागतात. हजार वर्षांपूर्वी तिथे इराण-अरबस्तानची जहाजे लागत. राजा घाटावर, फार दूर. बंदराचा कारभार त्याने एका अरब अधिकाऱ्याकडे सोपवला होता. जहाजवाल्यांची भाषा, वजने, नाणी ज्याला कळतात त्याच्याकडे बंदर द्यावे, हा साधा हिशेब. गावात देवीचा मठ होता. मठाला दिवाबत्ती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला जेवण मिळावे म्हणून या अरब अधिकाऱ्याने राजाच्या संमतीने एक शेत तोडून दिले आणि त्याचा ताम्रपट करवला. मजकूर संस्कृतात, नागरीच्या जुन्या वळणात. मागच्या बाजूला मात्र एकच ओळ आहे आणि ती अरबी लिपीत आहे. गाव म्हणते, ती त्या अधिकाऱ्याची सही.

मठ गेला, शेत गेले, ताम्रपट राहिला. तो आमच्या देवळात पाटावर असतो. पुढच्या बाजूला गुरव गंध लावतो. मागच्या बाजूचा मान गावातल्या खतीब या मुसलमान घराण्याचा. शबे-बरातच्या आदल्या दिवशी खतीबांच्या घरचा पुरुष देवळाच्या पायरीशी येतो, पट उलटतो, खोबरेल लावतो, पुन्हा सुलटा करतो. दुसऱ्या कुणी पट उलटायचा नाही. पुजारीही नाही, सरपंचही नाही. हे कुणी ठरवले ते ठाऊक नाही, पण मोडलेले कुणी पाहिलेले नाही.

मी देवस्थान ट्रस्टचा खजिनदार. पेशाने सहकारी बँकेत हिशेबनीस. मध्ययुगातली बंदरे, त्यांचा कारभार आणि धर्म असे प्रदर्शन या संग्रहालयाने भरवायचे ठरवले आणि सरकारमार्फत आमचा पट सहा महिन्यांसाठी मागितला. सोबत गावाचा एक माणूस येईल, ही अट आम्ही घातली. माणूस म्हणून मला धाडले, कारण मला कामापुरते इंग्रजी येते आणि माझी पुतणी सुलभा, श्रीकांतरावांची बायको, तिकडे राहते. उतरण्याचा खर्च वाचला.

निघायच्या दोन दिवस आधी पाडवा होता. गुढीचे तांबे घासायला गुरवाची बायको आणि आळीतल्या चौघी देवळाच्या विहिरीवर बसल्या होत्या. पट परदेशी चाललाय तर असा काळवंडलेला कसा पाठवायचा, लेक सासरी जाताना न्हाऊ घालतात, असे त्यांचे म्हणणे पडले. चिंचेचा कोळ आणि रांगोळी घेऊन त्यांनी पुढची बाजू घासली. एरवी तो कधीच घासला जात नसे. मी तिथेच होतो. पट सोन्यासारखा झाला, आणि मला बरे वाटले.

मुंबईला सरकारी अधिकाऱ्याने वजन आणि मापे घेतली. फोममध्ये पट मीच ठेवला, सुलटा.

तर त्या सोमवारी कामगारांनी स्क्रू काढले, झाकण उचलले, वरचा फोम बाजूला केला. वरच्या दिव्याचा उजेड पटावरून उलटून मिसेस हॉलंडच्या चष्म्यावर पडला. कुणी काही बोलेना. मला वाटले, भारावले आहेत. मग डॉ. वेल्स यांनी हातातला फोटो पेटीच्या कडेला ठेवला. चार वर्षांपूर्वी आमच्या गावी येऊन त्यांनी स्वतः काढलेला. त्यातला पट शेवाळ्यासारखा काळा-हिरवा होता.

वेल्स पुण्यात राहून मराठी शिकले होते; जुनी अरबी अक्षरेही त्यांना लागत. बोलत ते जुन्या दस्तऐवजासारखे. म्हणाले, "महाशय, ही पेटी आपण कोठे दृष्टिआड केलीत काय?"

मी नाही म्हणालो आणि अभिमानाने सांगितले की आम्ही पट स्वच्छ केला आहे, चिंचेने. श्रीकांतरावांनी त्याचे इंग्रजी केले. मिसेस हॉलंड खुर्चीत बसल्या. आत्तापर्यंत त्या उभ्या होत्या.

मुंबईच्या कागदावरचे वजन इथल्या काट्यावर तंतोतंत जुळले. मला वाटले, सुटलो, पण वेल्स यांच्या चेहऱ्यात फरक पडला नाही. ते शांतपणे म्हणाले, म्हणजे मुंबईनंतर पटाची अदलाबदल झालेली नाही. झाली असेल तर मुंबईच्या आधी, गावात. फोटोवरून हुबेहूब पट पाडणारे कारागीर त्यांनी पाहिले होते. एकदा ते स्वतः फसले होते आणि त्या पटावर लिहिलेला निबंध त्यांना मागे घ्यावा लागला होता. आता पुन्हा त्यांच्या नावावर प्रदर्शन उभे होते.

मिसेस हॉलंडनी नियम सांगितला. वस्तू कागदाप्रमाणे नसेल तर ती कुलुपात राहते, भारतीय वकिलातीला आणि विमा कंपनीला कळवले जाते आणि निकाल लागेपर्यंत ती कुणालाच परत मिळत नाही. त्यांनी शुक्रवारपर्यंत थांबायचे कबूल केले. आवाज कुणीच चढवला नव्हता. बाहेर आल्यावर श्रीकांतरावांना मोटारीच्या किल्ल्या सापडेनात. त्या त्यांच्या हातातच होत्या.

परतीच्या रस्त्याला दुतर्फा पांढऱ्या फुलांची झाडे होती, पाने फुटायच्या आधी नुसती फुले. एरवी नाव विचारले असते. मी मनात मांडणी करत होतो : पट खोटा ठरला तर मी चोर. खरा ठरला तर आम्ही तो घासून खराब केला, म्हणजे गाव अडाणी. आणि कुलुपात अडकला तर गावाकडे मी कोणत्या तोंडाने जाणार? चौथा रकाना सापडेना.

वेस्ट विंडसर

सुलभाचे घर नव्या वसाहतीत आहे. समोर गवत, मागे गवत, कुंपण कुठेच नाही. हद्द कशी कळते असे विचारले तर म्हणाली, "नकाशात असते, काका. इथे कुणी दगड सरकवत नाही." तिची नऊ वर्षांची मुलगी मीनल माझ्याशी इंग्रजीत बोले, मी मराठीत उत्तर देई, आणि आमचे ठीक चाले.

मंगळवार, १५ एप्रिल. त्या दिवशी त्या देशात आयकराचे कागद टाकायची शेवटची मुदत असते. श्रीकांतराव जेवणाच्या टेबलावर पावत्या पसरून बसले होते. मी बेरजा तपासून दिल्या, एक चूक काढली. माणूस स्वतःच आपले उत्पन्न लिहितो, सही करतो आणि सरकार ते खरे धरून चालते, हे मला फार आवडले. मग आठवले की आदल्या दिवशी मीही खरे तेच सांगितले होते.

दुपारी सुलभाने भात आणि चिंच-गुळाची आमटी केली. चिंच म्हणजे भारतीय दुकानातून आणलेली वडी, कोळून घ्यायची. ताटात आमटी वाढताना तिला हसू फुटले, मग मलाही. श्रीकांतराव हसले नाहीत. त्यांचे म्हणणे, उद्याच लॉयर करू या. इथला हमीदार म्हणून कागदावर त्यांचे नाव आहे, नवी नोकरी आहे, वकिलातीतून ऑफिसला फोन गेला तर?

मी म्हणालो, वकिलाने काय होणार? पट खरा आहे हे पटाच्या पाठीवरून कळेल. फोटोवरून नक्कल करणाऱ्याला मागची ओळ कुठून मिळणार? वेल्स आले होते तेव्हा खतीबांचा मुलगा गावात नव्हता, म्हणून मागची बाजू त्यांना कुणी दाखवली नव्हती.

सुलभा वाढता वाढता थांबली. "मग काल का नाही उलटला?"

"मला हक्क नाही."

"काका, इथे कोण बघतंय? सिंपली टर्न इट ओव्हर आणि मोकळे व्हा. खतीबांना परत जाऊन सांगा सॉरी."

"परत जाऊन सांगायचं असेल तर आधी विचारलेलं बरं," मी म्हणालो.

श्रीकांतरावांनी ताट बाजूला सारले. "माझी नोकरी जाईल, आणि तुम्ही मान सांभाळा." एवढे बोलून ते पोस्टात गेले. वयाने ते माझ्यापेक्षा लहान, नात्याने जावई. असे बोलणे त्यांना शोभले नाही. पण ते खोटे बोलत नव्हते.

पुन्हा तळघर

बुधवारी श्रीकांतरावांनी मला पुन्हा तिथे नेले. फिलाडेल्फियाहून धातूंचे एक जाणकार येणार होते, मिस्टर लँग. ते येईपर्यंत मिसेस हॉलंडनी मला वरची दालने पाहू दिली. मांडामांड अर्धवट होती. एका चिनी वाडग्यावर अरबी अक्षरे होती. सिसिलीच्या ख्रिस्ती राजाचे सोन्याचे नाणे होते, बोटाच्या नखाएवढे, आणि त्यावरही अरबी अक्षरे. ख्रिस्ती राजाने अरबीत नाणे का पाडावे, असे मी विचारले. मिसेस हॉलंड म्हणाल्या, कारण बाजारात तेच चालत असे. हे उत्तर मला पुरेसे वाटले. सतत हिशेब ठेवणाऱ्या माणसाला राज्यकारभार असाच समजतो. शेजारी आमच्या पटासाठी काचेची पेटी होती, रिकामी, नावाची पट्टी लावलेली.

लँग यांनी पटाच्या पुढच्या बाजूला भिंग लावून बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, घासल्यामुळे या बाजूने आता काही सांगता येत नाही. अक्षरे जुनी असतील, नसतील. मागे पाहू. त्यांनी हात पुढे केला.

मी त्यांच्या आणि पेटीच्या मध्ये उभा राहिलो. असे करायचे मी ठरवले नव्हते.

दाराशी एक पहारेकरी होता, तो दोन पावले आत आला. वेल्स यांचा चेहरा लाल झाला. "आपण मागील बाजू का दाखवत नाही? तेथे काय आहे?"

"तुमच्या कामाचं आहे तेच," मी म्हणालो. "पण मला एक फोन करू द्या. कुवेतला."

मागच्या बाजूचा मान, खतीबांचे घर, सगळे मी सांगितले. वेल्स यांनी ते इंग्रजीत केले आणि करता करता त्यांचाच स्वर बदलत गेला. मिसेस हॉलंडनी एवढेच विचारले की कुवेतमध्ये आत्ता किती वाजले असतील. संध्याकाळ होती. इब्राहीम खतीब तिथे एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होता. तो नंबर माझ्याजवळ होता, कारण देवळाच्या छपराची त्याची वर्गणी तिथूनच येई. मिसेस हॉलंडनी फोनचे बटण दाबून आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा केला.

इब्राहीमला बोलावून आणायलाच बराच वेळ गेला. मग धापा टाकत आला. "अण्णा? अमेरिकेतून? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. पटाचं बोलायचंय."

"आधी सांगा, बिल कोणाचं? माझं असेल तर ठेवतो."

मी सगळे सांगितले. विहिरीवरच्या बायका, चिंच, फोटो, कुलूप. तो मध्ये एकदाच बोलला : "चिंचेनं? अण्णा, तुम्ही खजिनदार का स्वैपाकी?" तारेतून समुद्रासारखा आवाज येत राहिला.

"म्हणजे उलटायला पाहिजे," तो म्हणाला. "कोण उलटणार?"

"तू हो म्हण, मी उलटतो."

"तुम्ही नाही. तुम्ही देवळाचे. तुम्ही हात लावलात तर गावात म्हणतील, इब्राहीमनं फोनवर मान विकला. आणि तुमचे लोक म्हणतील, अण्णानं घेतला. दोन्हीकडून बोंब."

"मग काय करू? शुक्रवारी हे वकिलातीला कळवतात. पट अडकला तर तुलाही उलटायला राहणार नाही."

वेल्स खाली बघत होते. त्यांना प्रत्येक शब्द कळत होता. श्रीकांतरावांनी माझ्या कोपराला हात लावला, जोराने नाही.

"तिथे परकं कोण आहे?" इब्राहीमने विचारले. "म्हणजे तुमच्यातलंही नाही नि आमच्यातलंही नाही. ज्याला मान नको, विद्या नको, काहीच नको."

मी खोलीत पाहिले. वेल्स यांना विद्या हवी होती. लँग यांना निकाल. "एक बाई आहेत," मी म्हणालो. "नोंदी ठेवतात."

"त्यांना उलटू दे. परक्याला मान नाही, मग दोषही नाही. उलटणावळ मात्र द्यावी लागेल, सव्वा रुपया, आमच्या घरी. ती कुणाला सुटलेली नाही. आणि फोन पटाजवळ धरा."

मिसेस हॉलंडनी पांढरे हातमोजे घातले. फोनची तार पुरेना, तेव्हा कामगारांनी टेबलच सरकवले. मी रिसीव्हर पटाशी धरला. कुवेतच्या गोदामातून इब्राहीमने बिस्मिल्ला म्हटले, त्याचे वडील देवळाच्या पायरीवर म्हणत तसेच, किंचित घाईने. मिसेस हॉलंडनी दोन्ही तळहातांनी पट उचलला आणि उलटला.

मागची बाजू काळी होती. तेलाची पुटे बसून जुन्या तव्यासारखी गुळगुळीत, कडांना हिरवी. मधोमध एक ओळ, लांब, कोनाकोनांच्या अक्षरांची. लँग यांनी भिंग लावले, काडीने कडेचा कणभर थर उचलून पाहिला, मग भिंग वेल्स यांच्या हातात दिले आणि म्हणाले की हे एका माणसाच्या आयुष्यात होणारे काम नाही, दहा माणसांच्याही नाही.

वेल्स यांनी भिंग घेतले खरे, पण ते अक्षरांवर धरायला त्यांना वेळ लागला.

"काय चाललंय?" फोनमधून आवाज आला. "अण्णा, ठीक आहे ना?"

"ठीक आहे. वाचतायत."

"वाचतायत?" इब्राहीम म्हणाला. "मग सांगा आम्हाला पण. बापानं वाचलं नाही, आज्यानं नाही. जुनी अक्षरं, कुणाला लागायची नाहीत. आम्ही नुसतं तेल लावलं."

वेल्स रिसीव्हरकडे वाकले आणि आपल्या दस्तऐवजी मराठीत सावकाश म्हणाले, "आधी त्यांचे नाव आहे, वडिलांचे नाव आहे. नंतर लिहिले आहे : हे मी दिले. साक्षीला ईश्वर पुरेसा आहे."

इब्राहीमने नाक ओढले. "बरं," तो म्हणाला. "बरं. साहेबांना सांगा, आपलं मराठी फार चांगलं आहे. आता ठेवा, अण्णा, बिल वाढतंय."

त्यानंतर

संग्रहालयाने पट स्वीकारला. पुढच्या बाजूच्या नुकसानीची नोंद झाली आणि तिच्याखाली मी सही केली, कारण ते झाले होते. वेल्स यांनी पट काचेच्या पेटीत उलटा ठेवायचे सुचवले. मी नको म्हणालो. मग त्यांनी खाली आरसा बसवला. पट सुलटा आणि ज्याला मागची ओळ पाहायची त्याने वाकून आरशात पाहायची. आरशात अक्षरे उलटी दिसतात, त्यामुळे वाचणारे तिथे फार वेळ वाकून राहतात, असे त्यांनी नंतर पत्रात कळवले.

श्रीकांतरावांनी परत येताना मोटार वाटेत थांबवून मला आइस्क्रीम घेऊन दिले आणि त्या पांढऱ्या झाडांचे नाव सांगितले : डॉगवुड. मंगळवारच्या बोलण्याबद्दल ते काही म्हणाले नाहीत, मीही काढले नाही. मीनलला सगळी गोष्ट हवी होती. ऐकून तिने इंग्रजीत विचारले की त्या बाईंनी उलटलेले चालते, तर बाकीच्यांनी का चालत नाही. मी म्हणालो, बाई परक्या होत्या म्हणून. तिला ते पटले नाही.

फोनचे बावन्न डॉलर झाले. मिसेस हॉलंड घेईनात, पण फोन आमच्या कामाचा होता. मी ते श्रीकांतरावांकडून घेऊन संग्रहालयात भरले आणि इकडे आल्यावर त्यांच्या वडिलांना रुपयांत चुकते केले. मिसेस हॉलंडना मात्र उलटणावळीचे कळल्यापासून चैन नव्हते. सव्वा रुपया म्हणजे काय ते त्यांनी दोनदा समजून घेतले आणि स्वतःच्या पाकिटातून एक डॉलरची नोट आणि पंचवीस सेंटचे नाणे काढून माझ्या हातात ठेवले.

मेमध्ये गावी परतल्यावर ते पैसे घेऊन मी खतीबांकडे गेलो. इब्राहीमची आई, हलीमाबी, ओट्यावर जाळे विणत होती. फोनची हकिगत तिला पत्राने कळली होती, पण पट कोणी उलटला ते इब्राहीमने लिहिले नव्हते. नोटेवरचा माणूस तिने नीट पाहिला.

"कोणी उलटला?" तिने विचारले.

"तिकडच्या एका बाईंनी."

हलीमाबीचे हात थांबले. चाळीस वर्षे पटासाठी तेल तीच कोमट करून देत होती. पायरीपर्यंत तेलाची वाटी न्यायची, वर पुरुषाने जायचे. इब्राहीम नसला की दोन-दोन वर्षे पटाला तेल लागत नसे, आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होते.

"बाई चालली," ती म्हणाली.

"परक्या होत्या," मी म्हणालो. मीनलला दिलेलेच उत्तर.

"हो का. आणि मी या घरात आले तेव्हा कोण होते, अण्णा? मी पण परकीच होते." तिने नोट आणि नाणे कमरेला खोचले. "इब्राहीमला मी लिहिते. तुम्ही तुमच्या पंचांना सांगा."

सांगितले. दोन सभा झाल्या, दोन्ही कडू. देवळाच्या पंचांत तिघे आणि जमातीत दोघे विरोधात होते. कुवेतहून पत्र आले तेव्हा जमातीतले दोघे गप्प झाले, आमचे तिघे अजून नाहीत. पट ऑक्टोबरात परत आला.

यंदा शबे-बरातच्या आदल्या दिवशी हलीमाबी देवळाच्या वरच्या पायरीवर आली, पट उलटला, तेल लावले, सुलटा केला. बिस्मिल्ला तिने नवऱ्यापेक्षा सावकाश म्हटले. तेल आजवर खतीब आपल्या पदरचे आणत. या वर्षी खोबरेलाचे साडेसात रुपये देवस्थान ट्रस्टने दिले, रोख, श्रीमती हलीमाबी खतीब यांच्या हाती.